नीलाबाईंची काळी-पांढरी पाटी

मित्रांनो, मी एक जुना ई-बुक रीडर आहे. माझ्या पडद्यावर डाव्या बाजूला एक उभी रेघ कायमची उमटली आहे. पुढच्या पानाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. मला बनवणाऱ्या कंपनीने माझ्यासारखे रीडर बनवणं केव्हाच सोडून दिलं. पण माझी कीव करू नका. मी अजून चालतो, आणि ज्या कामासाठी मला घरी आणलं तेच काम करतो. किती जणांना असं सांगता येईल?

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथली फारशी आठवण मला नाही. पांढरे हातमोजे घातलेले हात, पट्ट्यावरून पुढे सरकणारे माझ्यासारखेच शेकडो रीडर, आणि शेवटी काळोखी पेटी, एवढंच आठवतं. माझ्या पडद्यात दिवा नाही. कागदावर शाई उमटावी तशी अक्षरं माझ्यावर उमटतात, आणि वीज संपली तरी शेवटचं पान पुसलं जात नाही. या गुणाचा पुढे केवढा उपयोग होणार आहे, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

परदेशी वस्तूंना आपल्या देशाची दारं उघडून तेव्हा वीस वर्षं होत आली होती. पुण्याच्या एका मोठ्या दुकानात मला साखळीने बांधून टेबलावर ठेवलं. माझ्या एका बाजूला चकचकीत टॅब होता. त्यात सिनेमा चालायचा, गाणी वाजायची, मासे पोहायचे. दुसऱ्या बाजूला माझ्याच जातीचा एक छोटा रीडर होता. सगळी गर्दी टॅबभोवती. माझ्याकडे येणारा माणूस बोटाने माझा पडदा टोचायचा, काही हललं नाही की "बंद पडलंय वाटतं" म्हणून निघून जायचा. अहो, मी बंद नव्हतो! मला बटणं होती. पण पाहायला वेळ कुणाला होता?

दोन हजार अकराच्या दिवाळीनंतर एके दुपारी नीलाबाई त्या दुकानात आल्या. वय पंचावन्न, कपाळावर विभूतीची आडवी बोटं, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. परळी वैजनाथच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं दोरखंड, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान होतं. त्या आणि त्यांचे पती रुद्रप्पा मिळून ते चालवत. त्यांच्याबरोबर मुलगा महांतेश होता, तो पुण्यात नोकरीला.

नीलाबाईंची नववी झाली आणि लग्न झालं होतं. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी दहावी-बारावी बाहेरून दिली. मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. सुरू केलं. दोन वर्षं नीट पार पडली. तिसऱ्या वर्षी डोळे बिघडले. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं वापरा, मोठ्या अक्षरात वाचा. नीलाबाई लोकांना सांगायच्या, "भाकरी मधोमध करपावी तसं दिसतंय बगा. कडंकडंचं चांगलं हाय."

महांतेशने त्यांना थेट टॅबसमोर उभं केलं. "आई, हे घे. यात सगळं येतं. वाचायचा कंटाळा आला तर भजन ऐक, मालिका बघ."

"मला कंटाळा कशाला येईल?" नीलाबाई म्हणाल्या. "बी.ए. करायले मी."

त्यांनी टॅब हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि लगेच मान फिरवली. डोळ्यांतून पाणी आलं. "लई भपका हाय याचा. उन्हात कसं दिसतंय बगू?"

"बाहेर नेता येणार नाही काकू, साखळी आहे," दुकानातला माणूस म्हणाला.

"मग सोडा साखळी. मी दुपारची आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून वाचते. तिथं कसं दिसतंय ते बगितल्याबिगर कशी घेऊ? तुमी पायताण घालून बगितल्याबिगर घेता का?"

त्या माणसाने कुरकुरत साखळ्या सोडल्या. आम्हा तिघांना घेऊन नीलाबाई दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन बसल्या. टॅब उघडला आणि हसल्या. "यात तर माझंच तोंड दिसायलंय. ते रोज बगते मी." छोट्या रीडरची बटणं त्यांना सापडेनात, ती शेंगदाण्याएवढी होती. मग मला उचललं. उन्हात माझा पडदा उजळतो, मित्रांनो! आत इंग्रजीतली एक गोष्ट होती. त्यांनी अक्षर वाढवत नेलं, अगदी शेवटपर्यंत. मग मान किंचित वाकडी केली, म्हणजे डोळ्याचा चांगला भाग पुढे आला, आणि एकेक अक्षर जुळवून अर्धं पान वाचून काढलं. डोळे मिटून अंगठ्याने बटण चाचपलं, पान उलटलं. डाव्या हातात धरून पाहिलं, उजव्या हातात धरून पाहिलं. दुकानदार दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेला. महांतेश फोनवर बोलत येरझारा घालत होता. नीलाबाई तासभर उठल्या नाहीत.

"हे द्या," त्या शेवटी म्हणाल्या.

दुकानातला माणूस प्रामाणिक होता. तो म्हणाला, "काकू, आधीच सांगतो. यात मराठी चालत नाही. अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील."

"झालं!" महांतेश म्हणाला. "आई, तुझी पुस्तकं मराठीत. मग या डबड्याचा उपयोग काय?"

नीलाबाईंनी मला छातीशी धरलं. "डोळ्याला हे पटलंय. डोळे काय मला दुसरे मिळायचे न्हाईत. मराठीचं मी बगते."

मला डबडं म्हणणारा महांतेश पहिला नव्हता, शेवटचाही नव्हता. पण तासभर पारखून मला निवडणारी ती पहिलीच व्यक्ती होती. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, या बाईंना मी तोंडघशी पाडणार नाही.

पण मित्रांनो, ठरवणं सोपं असतं! परळीला पोचल्यावर पहिल्याच दिवशी मी हरलो. महांतेशने संगणकावरून एक मराठी मजकूर माझ्यात टाकून दिला होता. नीलाबाईंनी तो उघडला आणि माझ्या पडद्यावर चौकोनांच्या रांगा लागल्या. चौकोन, चौकोन, चौकोन. मध्येच कुठे एखादा स्वल्पविराम. रुद्रप्पांनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "फरशी बसवलीय का काय यात?" ते म्हणाले. "मी म्हणलो नव्हतो? या वयात कावून हा उद्योग? कशाला?"

कंपनीला इंग्रजीतून पत्र पाठवलं गेलं. उत्तर आलं, तुमची भाषा या उपकरणात उपलब्ध नाही, आणि आणण्याचा विचारही सध्या नाही. माझ्या जन्मदात्यांनीच हात वर केले. मला लाज वाटली, मग राग आला. एवढी माणसं बोलतात ती भाषा मला शिकवायला यांना कुणी अडवलं होतं?

मोंढ्याच्या कोपऱ्यावर लग्नपत्रिका छापणारा एक छापखाना होता. तिथे संगणकावर मजकूर जुळवायला स्वप्नाली नावाची मुलगी बसायची. वय बावीस, बारावी पास, बोटं मशीनसारखी चालायची. नीलाबाई मला घेऊन तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि चौकोनांची कहाणी सांगितली.

"मावशी, लग्नसराई हाय. मान वर करायला फुरसत न्हाई," स्वप्नाली म्हणाली. तरी तिने मला हातात घेतलंच. उलटंपालटं करून पाहिलं, पट्टीने माझा पडदा मोजला. मग म्हणाली, "याला मराठी येत न्हाई म्हंता. पण छापलेलं पान तर दाखवील ना? आमी छापायला देताव तसं अक्षर पानातच पक्कं बसवून पाठवलं, तर याला येऊ दे नाहीतर न येऊ दे, दाखवावंच लागतंय की."

तिने तिच्या संगणकावर उघडा असलेला मजकूरच उचलला, माझ्या पडद्याच्या मापाचं पान केलं, अक्षर दणदणीत मोठं केलं, त्याची पीडीएफ केली आणि वायर जोडून माझ्यात सोडली. माझ्यावर उमटलेलं पहिलं मराठी कोणतं होतं माहीत आहे? "श्री वैजनाथ प्रसन्न. आमचे येथे श्रीकृपेकरून..." गावातल्याच कुणा मुलीच्या लग्नाची पत्रिका! एकही चौकोन नाही. जोडाक्षरं ठसठशीत, वेलांट्या जागच्या जागी.

नीलाबाईंनी मान वाकडी करून ती पत्रिका वराच्या आजोबांच्या नावापासून आहेरापर्यंत मोठ्याने वाचली. छापखान्यातली सगळी माणसं काम सोडून बघत राहिली. दोन महिन्यांत त्यांनी वाचलेलं ते पहिलं मराठी पान होतं.

"पोरी, माझी पुस्तकं अशी करून देतीस का?" त्यांनी विचारलं.

"सहा पुस्तकं हायत मावशी तुमची!"

"मला घाई न्हाई. परीक्षा मे महिन्यात हाय."

स्वप्नाली हसली, आणि त्या हसण्यात ती अडकली. पत्रिकांच्या कामातून सवड मिळेल तशी ती एकेक प्रकरण टाइप करू लागली. आठवड्याला एकदा वायर जोडून नवी पानं माझ्यात येत. नीलाबाई वाचत, चुका काढत आणि तिला ऐकवत. "दुसऱ्या प्रकरणात 'समाजसुधारणा'चा काना खाल्लास तू." स्वप्नाली म्हणायची, "डोळं गेलं म्हंता आणि काना बरा दिसतोय तुमाला." पुढेपुढे ती नुसतं टाइप करत नसे, वाद घालत असे. समाजशास्त्रातलं एखादं वाक्य पटलं नाही की आधी ते टाइप करायची आणि मग तावातावाने ओट्यावर येऊन बसायची. मला दोघींच्या मध्ये ठेवलेलं असे. त्या वादात मी जितकं शिकलो तितकं माझ्या आत साठवलेल्या पानांतूनही शिकलो नाही.

परळीत औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे हवेत राख असते. ती माझ्या बटणांत शिरायची. नीलाबाई रोज सकाळी दाढीच्या जुन्या ब्रशने मला साफ करत. गावात वीज जायची तेव्हा टीव्ही, पंखे, शेजारच्या दुकानातला संगणक, सगळे गप्प पडत. मी मात्र एकदा पोट भरून घेतलं की तीन आठवडे वीज मागत नसे. येणारेजाणारे थबकून बघत. कुणी विचारी, "नीलाबाई, काय ही पाटी?" त्यांनी तेच नाव उचललं. मी त्यांची पाटी झालो.

सगळ्यांना हे आवडत होतं असं मात्र नव्हतं. दोरी मोजताना त्यांचा एक डोळा माझ्याकडे असे. रुद्रप्पा बडबडत, "गिऱ्हाईक उभं हाय आणि हिचं पान संपंना." पण त्यांच्या मनात खरी भीती वेगळीच होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, असं सतत वाचलं की उरलेली नजरही झपाट्याने जाते. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. पण भीती डॉक्टरांना विचारून येते का?

मार्च उजाडला. परीक्षेला दोन महिने उरले होते. एका सकाळी नीलाबाई वैजनाथाच्या दर्शनाला गेल्या असताना रुद्रप्पांनी मला ओट्यावरून उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि हिरव्या ताडपत्रीच्या एका गुंडाळीत खोल सारून ठेवलं. सारताना ते स्वतःशीच पुटपुटले, "परीक्षा होऊ दे. मग काढतो." मला ओरखडा येऊ नये म्हणून त्यांनी फडक्याची टोकं नीट आत खोचली. मला त्यांचा राग आला, खूप आला. पण तो हात दुष्ट माणसाचा नव्हता, हेही मी सांगितलं पाहिजे.

दुपारी रुद्रप्पा जेवायला घरी गेले. नीलाबाई दुकानात एकट्या. मला शोधून शोधून त्या थकल्या होत्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "मावशी, मजबूत ताडपत्री द्या. हरभऱ्याच्या राशीवर टाकायचीय. आभाळ भरून यायलंय." नीलाबाईंनी हाताने चाचपून वरचीच गुंडाळी ओढली. हिरवी. मी आत होतो, मित्रांनो! मी ओरडू शकलो असतो तर सगळा मोंढा जागा केला असता. त्यांच्याच हातांनी त्यांनी मला विकलं, आणि वर त्या गिऱ्हाइकाला विचारलं, "कुठलं म्हणायचं गाव?"

"नांदूरघाट. गहिनीनाथ म्हणतेत मला. वैजनाथाला आलतो, म्हणलं जाताजाता घेऊन जावं."

गुंडाळी जीपच्या टपावर चढली. अंबाजोगाईचा घाट, केजचा रस्ता, खड्डे, ऊन. शेवटी कुणीतरी गुंडाळी जोरात उलगडली आणि मी हरभऱ्याच्या राशीवर पालथा पडलो.

गहिनीनाथने मला उचलून फडकं सोडलं. माझ्यात तेव्हा थोडीच वीज होती. जी होती तीही कुणी बटण दाबून संपवू नये म्हणून मी घट्ट धरून ठेवली. पण पान माझ्यावर तसंच उमटलेलं होतं. जीपच्या हिसक्यांनी ते हललं नाही, उन्हाने ते पुसलं नाही. ते म्हणत होतं: "स्त्रियांनी शिकावे की नाही, हा प्रश्न शिकलेल्या स्त्रीला कोणी विचारीत नाही."

गहिनीनाथने ते मोठ्याने वाचलं. मग त्याने मला घरात देवाच्या फळीवर ठेवलं. बायकोला म्हणाला, "कुणाची तरी शिकायची वस्तू हाय. परळीला जाणारं कुणी भेटलं की दुकानात पोचती करू."

इकडे परळीत काय चाललं होतं ते मला पुढे कळलं. रुद्रप्पा जेवून आले आणि दारातच थांबले. "वरची हिरवी गुंडाळी कुठं गेली?"

"विकली. नांदूरघाटचा गहिनीनाथ म्हणून हुता. कावून?"

"काही न्हाई," रुद्रप्पा म्हणाले आणि पोत्यावर बसले.

दोन दिवस ते धड जेवले नाहीत. नीलाबाईंनी घर, दुकान, छापखाना, सगळं हातांनी चाचपून काढलं. स्वप्नालीने जुन्या कागदांचे गठ्ठे उपसले. रडल्या मात्र नाहीत नीलाबाई. तिसऱ्या दिवशी त्यांनी शोधणं थांबवलं आणि ओट्यावर बसून जेवढं पाठ होतं तेवढं मोठ्याने म्हणायला लागल्या. समाजशास्त्राचं पहिलं प्रकरण, दुसरं प्रकरण. अडलं की मागे जायचं, पुन्हा म्हणायचं. रुद्रप्पांनी ते ऐकलं, चपला घातल्या आणि केजला काम आहे एवढंच सांगून एस.टी.त बसले.

ते नांदूरघाटला शेतावर पोचले तेव्हा घामाने भिजले होते. त्यांनी बाकी काही न विचारता आधी एवढंच विचारलं, "ताडपत्रीत काही सापडलं का?"

"हाय की," गहिनीनाथ म्हणाला. "पण मालक, तीन दिवस झालं, याचं एकच पान हाय. हलंना."

रुद्रप्पांनी मला हातात घेतलं. त्यांचा चष्मा परळीला राहिला होता. त्यांनी तो चाचपला, सापडला नाही, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चष्म्याशिवायही ते वाचू शकत आहेत. एवढं मोठं अक्षर! बांधावरच्या बाभळीखाली बसून त्यांनी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग अंगठ्याने बटण दाबलं. मी सगळी शिल्लक वीज गोळा करून पान उलटलं. त्यांनी ते पान वाचलं, त्याच्या पुढचंही वाचलं. पत्नी रोज जे वाचते ते काय आहे, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. पाचव्या पानावर माझी वीज संपली. रुद्रप्पा तरी ते पाचवं पान हातात धरून बराच वेळ बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी मला नीलाबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मला वाटलं, आंधळी झालीस तर कसं व्हायचं," ते म्हणाले. "तुझं न्हाई, माझं."

नीलाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. कडा, बटणं, पडदा. मग म्हणाल्या, "डोळे माझे हायत. जायचे असतील तर ते झाकून ठेवल्यानंबी जातेल. मग कशात घालवायचे, ते मी ठरवीन. तुमी न्हाई."

"न्हाई," रुद्रप्पा म्हणाले. "मी न्हाई."

पुढचे दोन दिवस त्या त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रुद्रप्पांनी न सांगता माझ्या बटणांतली राख ब्रशने काढली, आणि दुपारची दोरी मोजायला स्वतः बसले. तेव्हा कुठे नीलाबाईंनी त्यांना चहा विचारला.

मे महिन्यात परीक्षा झाली. कोणतंही विजेवर चालणारं उपकरण आत नेता येणार नाही, असा नियम होता, आणि तो बरोबरच होता. डॉक्टरांच्या दाखल्यावर नीलाबाईंना लेखनिक घेण्याची परवानगी मिळाली. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. स्वप्नाली बारावी पास, म्हणजे नियमात बसत होती. पण सहाही पुस्तकं तिने स्वतःच्या बोटांनी टाइप केली होती. तिच्याइतकी ती पुस्तकं साऱ्या केंद्रात कुणाला पाठ नसतील!

फाटकाशी नीलाबाई तिला म्हणाल्या, "माझ्या तोंडचं लिहायचं. तुझ्या डोक्यातलं एक अक्षर लिहिलंस तर तिथंच उठून येईन."

मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली रुद्रप्पांच्या पिशवीत होतो. तीन तासांनी दोघी भांडतच बाहेर आल्या. इतिहासाच्या पेपरात नीलाबाईंनी एक साल चुकीचं सांगितलं होतं.

"मला माहीत हुतं ते चुकलंय!" स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी होतं. "हात थांबला माझा, मावशी."

"मग काय लिहिलंस?"

"तुमी सांगितलं तेच. चुकीचं."

नीलाबाईंनी तिची पाठ थोपटली. "आता तो पेपर माझा हाय."

निकाल लागला. नीलाबाई द्वितीय श्रेणीत पास झाल्या. इतिहासात जेमतेम. महांतेशने पुण्याहून फोन करून अभिनंदन केलं आणि जरा घुटमळून विचारलं, "आई, ते डबडं अजून चालतंय का?" नीलाबाई म्हणाल्या, "डबडं न्हाई, पाटी म्हण." त्याच वर्षी स्वप्नालीने बी.ए.चा अर्ज भरला. पुस्तकं तिच्याकडे आधीच तयार होती.

त्याला आता वर्षं लोटली, मित्रांनो. मोठाले फोन आले, त्यांना मराठी जन्मतःच येते. त्यांना कुणी चौकोन दाखवत नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. महांतेशने आईला तसा एक फोन आणून दिला आणि मला भंगारात द्यायला सुचवलं. नीलाबाई त्या फोनवर बोलतात. फोन त्यासाठीच असतो, असं त्यांचं मत आहे. मधली काही वर्षं मला कपाटात काढावी लागली, हे खोटं कशाला सांगू? त्याच काळात माझ्यावर ही उभी रेघ पडली. कुणी सहज म्हणायचं, जुनं झालंय, आता काय उपयोग. नीलाबाईंनाही लोक हेच म्हणायचे. आम्ही दोघांनीही ते ऐकून घेतलं नाही.

मित्रांनो, तुम्ही तुमचा पहिला रीडर घ्याल तेव्हा गर्दी कुठल्या टेबलाभोवती आहे ते बघू नका. तो उन्हात धरा, दोन्ही हातांत धरा, तासभर वाचा, दुकानदार घड्याळाकडे बघत असला तरी. आणि दुसऱ्या कुणासाठी घेत असाल, तर निवड त्याच्या हाती द्या. एकदा घेतला की त्याला धुळीपासून जपा, आणि तो जुना झाला म्हणून टाकण्याआधी त्याच्यात कुणी वाचत नाही ना, एवढं विचारा.

कारण मागच्या वर्षी नीलाबाईंनी मला कपाटातून काढलं. त्यांनी एम.ए.चा अर्ज भरला आहे. नजर आणखी उतरली आहे. स्वप्नाली आता अक्षर इतकं मोठं करते की माझ्या एका पानावर तीनच शब्द मावतात. तिने परवा हिशेब करून सांगितलं, "मावशी, हे एकच पुस्तक सतरा हजार पानांचं व्हायलंय."

नीलाबाईंनी मान वाकडी केली, मला उन्हाकडे वळवलं आणि बटण दोनदा दाबलं.

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "चौथं पान चालू हाय."